आक्काची डावी बाजू

आक्कानं ताटातली अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी वांग्याची भाजी खाल्ली आणि हात तसाच धरून म्हणाली, "आज वाढणारीनं हात आखडता घेतलाय. भात न्हाई व्हय घरात?"

भात ताटातच होता. डाव्या बाजूला, गरम, वर तूप घातलेला. शेजारी उरलेली अर्धी भाकरी होती, दह्याची वाटी होती. माझं डोकंच फिरलं. दवाखान्यातून घरी येऊन तिला चार दिवस झाले नव्हते आणि बाईनं माझ्या वाढण्यात खोट काढायला सुरुवातही केली होती. मी तोंडातून शब्द काढला नाही. काढायचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्यात सात वर्षं अबोला होता. मी ताट धरलं, रागानं गरकन फिरवलं आणि पुन्हा तिच्यापुढं आदळलं.

आक्कानं खाली पाहिलं. "आता कसा आला भात," म्हणाली आणि उरलेलं सगळं मुकाट जेवली.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, हिराबाई चौगुले. पेठ वडगावात तिचा डंक होता, म्हणजे मिरची आणि मसाला कांडायची गिरणी. दीर गेल्यावर तो तिनं एकटीनं चालवला. आमचं अंगण एक, दारं दोन. मीही कधीकाळी तिच्या हाताखाली डंकावर बसत होते. मग एका उन्हाळ्यात, वीसेक गिऱ्हाइकं रांगेत असताना, मी कांडलेली चटणी तिनं चिमटीत घेऊन पाहिली आणि सगळीच्या सगळी परत उखळात ओतली. "असलं कुणाच्या डब्यात घालायचं न्हाई," एवढंच म्हणाली. चटणी जाडसर राहिली होती हे खरं. पण वीस बायकांपुढं? मी पदर झटकून घरी आले ती पुन्हा डंकाची पायरी चढले नाही. तीही काही कमी नव्हती. एकमेकींना काही कळवायचं असलं तर माझ्या नवऱ्याच्या, दिनकररावांच्या, तोंडून कळवायचो. त्या बिचाऱ्यांचा जन्म निरोप पोचवण्यात चालला होता.

आक्काच्या दुखण्याची ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची, अबोल्याला सात वर्षं झाली होती तेव्हाची. त्या साली कार्तिकात आक्काला झटका आला. मेंदूच्या उजव्या भागातलं रक्त थांबलं आणि डावा हात-पाय लुळा पडला. पाय हळूहळू काठीवर आला, हात मात्र मांडीवर पडून असायचा. जिभेला काही झालं नव्हतं.

तिचा एकुलता मुलगा रणजित पुण्यात नोकरीला. तो दवाखान्यातच आम्हाला म्हणाला, "होळीनंतर मिरचीचा हंगाम सुरू होतो. तोवर आई आपलं आपण करायला लागली तर राहू दे इथं. नाही तर मी तिला पुण्याला नेणार आणि डंकाला कुलूप घालणार. काकी, तोवर तेवढं बघाल का?"

मी बघते म्हणाले. आणि खरं सांगते, ती पुण्याला जाणार या विचारानं मला बरं वाटलं होतं.

दर शनिवारी कोल्हापूरहून एक मुलगी यायची, केरकर मॅडम. ऑक्युपेशनल थेरपिस्ट असा तिचा हुद्दा. आम्ही तिला खेळाची डॉक्टरीण म्हणायचो, कारण तिच्या पिशवीत औषधं नव्हती. पत्ते होते, सोंगट्या होत्या, लहान मुलांचे चित्रांचे ठोकळे होते. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन आक्काचं जेवणखाण कसं चाललंय विचारलं. मी भरलेलीच होते, सगळं गाऱ्हाणं ओतलं.

"ताट फिरवल्यावर जेवल्या?" तिनं विचारलं.

"जेवली की. नखरे नुसते."

"नखरे नव्हेत, काकू. डावीकडचा भात त्यांच्या लक्षातच आला नाही."

"डोळ्यांना काही झालंय?"

"डोळे चांगले आहेत. पण जगाला डावी बाजू असते, हेच त्यांचा मेंदू विसरलाय. आणि आपण विसरलोय हे त्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, आहे ते एवढंच."

मला ते पटायला वेळ लागला. सात वर्षं जिच्या प्रत्येक बोलण्यात मी टोमणा शोधला, तिच्या बोलण्यात टोमणा नाही हे एकदम कसं पटावं?

मॅडमनं विचारलं, घरात सगळ्यांना येतो असा पत्त्यांचा खेळ कोणता? दिनकरराव म्हणाले, बदाम सात. मॅडम खूष झाली. आमच्याकडं चारी सत्त्या उभ्या रांगेत मांडतात. छक्कीपासून खालची पानं डावीकडं लागत जातात, अठ्ठीपासून वरची उजवीकडं. "असंच मांडा," ती म्हणाली. "डावीकडं बघितल्याशिवाय त्यांना जिंकताच येणार नाही." आक्काला एका हातात पत्ते धरता येईनात, तर मॅडमनं कपडे घासायचा ब्रश मागवला, पालथा घातला आणि त्याच्या केसांत पत्ते खोचून उभे केले. टेबलाच्या डाव्या कडेला लाल रिबीन चिकटवली. रिबीन दिसेपर्यंत मान वळवायची, मग पान टाकायचं.

"रोज तासभर," ती म्हणाली. "आणि मुद्दाम हरायचं नाही कुणी. हरल्याशिवाय त्या डावीकडं शोधायला जाणार नाहीत."

रोज पाचला दिनकररावांची कामावरची पाळी सुटली की आम्ही तिघं बसायचो. दिनकरराव तिच्या उजव्या हाताला. मी डाव्या. पुढच्या शनिवारी मॅडमनं ते पाहिलं आणि म्हणाली, "काकू, अगदी बरोबर जागा धरलीत. त्या बाजूनंच त्यांच्याशी बोलत राहायचं. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगितलं नव्हतं. डावीकडं बसलं की मी तिला दिसत नव्हते, म्हणून मी तिथं बसत होते. अबोला चालवायला त्याहून सोयीची जागा घरात नव्हती. मी पत्ते पिसत बसले.

पहिले काही दिवस आमच्यात एकच शब्द चालायचा, पास. आक्का हातातली वरची पानं भराभर लावायची आणि मग पास म्हणायची. पुन्हा पास. पुन्हा पास. तिच्या ब्रशवर डाव्या टोकाला बदामची छक्की उभी असायची, सत्ती कधीची टेबलावर असायची, आणि बाई पास. दिनकरराव विरघळायचे. हातात चालणारं पान असून तेही कधी पास म्हणायचे, कधी मुद्दाम तिच्या पानाला वाट करून द्यायचे. रणजित एक शनिवार सोडून यायचा तो तर आईशी दोघंच खेळायचा, तिला जिंकवण्यासाठीच. "जिंकलीस की आई," म्हणून टाळ्या वाजवायचा. आक्का पत्ते ढकलून द्यायची.

मी मात्र खेळायचे ते जिंकायलाच. तिची पानं अडवून धरायची, शेवटपर्यंत सोडायची नाही. एकोणीस दिवस सलग मी तिला हरवलं, आणि मला त्यात मजा येत होती हे लपवत नाही.

विसाव्या दिवशी ती पुन्हा पास म्हणाली आणि माझ्यानं राहवलं नाही.

"पास कसली? आहे तुमच्याकडं. डावीकडं बघा की."

बोलून गेल्यावर मीच जीभ चावली. दिनकरराव माझ्याकडं बघतच राहिले. आक्कानं मान हलवली, रिबिनीच्या दिशेनं, हळूहळू, जड दार ढकलावं तशी. छक्की सापडली. ती तिनं टेबलावर लावली आणि विचारलं, "कोण बोललं?"

"मी. मालन."

"कुठाय तू?"

"इथंच आहे. रोज इथंच असते."

"व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, तू येत न्हाईस."

वीस दिवस मी तिच्या शेजारी, हातभर अंतरावर बसत होते, आणि तिच्या लेखी मी आलेच नव्हते.

जानेवारीतली गोष्ट. तिला आंघोळ घालणारी बाई आली नाही म्हणून मी न्हाणीत गेले. चोळी काढली तर डावा खांदा काळानिळा. जुन्या डागांवर नवे डाग. मला कळेना काय झालंय.

"हे काय लागलंय?"

"दार हललंय," ती म्हणाली. "सैपाकघराची चौकट आत आलीया. जाता-येता लागती."

चौकट जागच्या जागी होती. तिला तिची डावी बाजू दिसत नव्हती, म्हणून ती रोज तिच्यावर आदळत होती आणि घरालाच दोष देत होती. मी पाणी घालायचं थांबवलं. माझ्या चेहऱ्यावरनं तिला काय ते कळलं असावं. तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं.

"चौकट हलली न्हाई, व्हय?"

"नाही, आक्का."

तिच्या केसांतनं पाणी ओघळत होतं.

"रणजितला सांगू नको," ती म्हणाली. "सांगितलंस तर न्हील मला. चौथ्या मजल्यावर खिडकीत बसवून ठेवील. चांगला हाय गं माझा ल्योक, पण तितं मी काय करू? कुणाच्या मिरच्या बघू?"

आक्काला घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली. नवरा गेला तेव्हाही तिनं मला पाठीवर हात ठेवू दिला नव्हता. मी टॉवेलनं तिचा खांदा टिपला, हळद लावली. कुणाला सांगणार नाही म्हणाले.

"आनि एक," ती म्हणाली. "उद्यापासनं दोन डाव घ्यायचं. भावजी नसलं तरी चालतंय. तू खेळ."

मीच का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मी घरात असते म्हणून.

त्यानंतर आम्ही सकाळीही खेळायला लागलो, दोघीच. एकेकीला सव्वीस पानं यायची, तीन-तीन ब्रश लागायचे. मी डावीकडनं तिला चिडवायचे, "आता कुठली पास म्हणता, उघडा डोळे." ती मला शिव्या द्यायची आणि मान वळवायची. हळूहळू मला नुसतं "हं" म्हणावं लागायचं. मग तेही नको झालं. ताटातला भात तिला आपला आपण सापडायला लागला. चौकटीपाशी आली की थांबायची, डाव्या हाताकडं बघायची आणि तिरकी होऊन आत जायची. फेब्रुवारीत एका सकाळी तिनं मला पहिल्यांदा हरवलं. मी पत्ते टेबलावर फेकले तर म्हणाली, "जळ आता." त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. दिनकररावांनी कसला सण म्हणून विचारलं, तर मी त्यांना आणखी एक वाढली.

आणि मला भीती वाटायला लागली. होळी जवळ आली होती. जिला घालवायला मी टपले होते, ती जाऊ नये म्हणून मी देवाला हात जोडत होते.

होळीच्या आधीच्या शनिवारी मॅडम शेवटचं बघायला आली. रणजितही आला. मॅडमनं आक्काला अंगणातनं फिरवलं, दोन्ही बाजूंना ठेवलेले गिऱ्हाइकांचे डबे ओळीनं उचलायला लावले. एकही चुकला नाही. मग चहा करायला सांगितला. आक्कानं शेगडी पेटवली, आधण ठेवलं, साखर-पावडर बेतानं घातली. चहा उत्तम झाला. फक्त डावीकडच्या शेगडीवर तिनंच दुधाचं पातेलं तापत ठेवलं होतं, ते तिच्या लक्षात राहिलं नाही. दूध उतू गेलं आणि तिकडची गॅसची ज्योत विझली. मॅडमनं धावत जाऊन बटण बंद केलं.

रणजित भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "बघितलं ना," तो हळूच मला म्हणाला. "काकी, माझा जीव लागणार नाही तिकडं. सोमवारी घेऊन जातो."

आक्कानं ऐकलं. टेबलापाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "जायचंच हाय तर एक डाव खेळून जाऊया. मॅडम, तुमी बी बसा."

दिनकरराव कामावर होते. आम्ही चौघं बसलो. माझ्यानंतर रणजित, मग मॅडम, मग आक्का. डाव चांगला रंगत गेला, आणि कधी शेवटाला आला कळलं नाही. बदाम संपले, किलवर संपले. आक्काकडं एकच पान उरलं. दोन फेऱ्या ती पास म्हणत होती आणि इस्पिकच्या सत्तीकडं बघत होती, म्हणजे ते पान इस्पिकची पंजी असणार. माझ्याकडं दोन पानं होती. एक इस्पिकची छक्की, जी तिची वाट अडवून बसली होती. दुसरं चौकटची तिर्री. चौकटची रांग डावीकडं पार चौकीपर्यंत गेली होती, रिबिनीला टेकली होती.

खेळायचं कसं ते मला झोपेतही कळलं असतं. तिर्री टाकायची, छक्की दाबून ठेवायची आणि पुढच्या फेरीला डाव आपला. पण आक्काचा मुलगा समोर बसला होता. सोमवारी ती जाणार होती. मला वाटलं, एकदा तरी तिनं त्याच्यासमोर मला हरवून जिंकावं.

मी छक्की टाकली.

रणजित पास म्हणाला. मॅडम पास म्हणाली. आता आक्कानं पंजी लावली की झालं. रणजितनं टाळ्या वाजवायला हात वर केलेही होते.

आक्कानं पंजी लावली नाही. ती टेबलाकडं बघत बसली. उजवीकडनं तिची नजर निघाली, सत्त्यांवरनं गेली, चौकटच्या रांगेवरनं एकेक पान ओलांडत पार डाव्या टोकाला पोचली आणि तिथं थांबली.

"चौकटची तिर्री कुठाय?" तिनं विचारलं.

रणजितनं वर केलेले हात खाली घेतले.

"माझ्याकडं न्हाई. रणजितकडं असती तर तो पास म्हणाला नसता. मॅडम बी पास." तिनं मान आणखी वळवली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुझ्याकडं हाय. ती सोडून तू छक्की टाकलीस. उचल ती."

"आई, असू दे की," रणजित म्हणाला. "खेळच आहे."

"तू गप. मालन, उचल म्हणते न्हवं?"

मी छक्की उचलली. तिर्री टाकली. रणजितनं दुर्री लावली, मॅडमनं एक्का लावला. आक्का पास म्हणाली. मी छक्की लावली आणि डाव जिंकला.

मॅडम आपली वही बंद करून बसली होती. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती. "रणजितदादा," ती म्हणाली, "डावं टोक बघितलं त्यांनी. कुणी न सांगता. कुणाकडं कुठलं पान नाही हेसुद्धा लक्षात ठेवलं. तीन महिन्यांपूर्वी त्यांना स्वतःचा हात सापडत नव्हता."

"आणि दूध?" रणजित म्हणाला.

"दुधाचं खरं आहे. गॅसपाशी अजून काही महिने कुणीतरी लागेल. डावीकडनं हाक मारणारं."

"तेच म्हणतोय मी. पुण्यात आम्ही आहोत की सगळे. आई, तुला तिथं कसला त्रास होऊ देणार नाही मी."

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली. तिनं उजव्या हातानं त्याचा गुडघा थोपटला. "तू मला सदानकदा जिंकवशील. सून जिंकवील, नातवंडं जिंकवतील. भावजी बी तसलंच. समदी मला मेल्यागत खेळवत्यात रं. ही एकटी माझ्यासंगट भांडून खेळती. तितं आल्यावर मला हरवणार कोण?"

रणजितनं माझ्याकडं पाहिलं. "पण काकी, तुम्ही दोघी तर..." असं म्हणून तो थांबला. आमचं सात वर्षांचं त्यालाही माहीत होतं.

आक्का माझ्याकडंच बघत होती.

"आज का टाकलीस छक्की?" तिनं विचारलं. "एवढं दिवस न्हाई टाकलीस ती?"

मी खाली मान घातली. "तुम्ही जाणार म्हणून."

"मग?"

"मग काय. जाऊ नये असं वाटलं."

"वाटलं तर तोंडानं सांग की. पान कशाला टाकतीस?"

सात वर्षं मी तिला तोंडानं काही सांगितलं नव्हतं. राग सांगितला नाही, आजारी होते तेव्हा दुखणं सांगितलं नाही, माझी आई गेली तेव्हाही दिनकररावांच्या तोंडून कळवलं होतं. रणजित बघत होता, मॅडम बघत होती, आणि मला कुणाची लाज वाटली नाही.

"आक्का, जाऊ नका," मी म्हणाले. "मी आहे इथं. गॅसपाशी मी उभी राहीन."

तिनं उजवा हात उचलला, अंगावरनं आडवा डावीकडं आणला, आणि न चाचपडता माझ्या गालावर ठेवला.

"ऱ्हाते," ती म्हणाली.